सिंहस्थाच्या गाद्या आणि बाकीचा पसारा

दिवाळीच्या साफसफाईवर माझा काडीचा विश्वास राहिलेला नाही. आपण करतो काय, तर माळ्यावरचं सगळं खाली काढतो, ओल्या फडक्याने पुसतो, अरेच्चा हे इथे होतं होय म्हणतो आणि परत जसंच्या तसं वर चढवतो, बदलतं फक्त खोकं. त्यात दिवाळीला अख्खं गावच देण्याच्या मूडमध्ये असतं, त्यामुळे कुठल्याही आश्रमात फोन करा, "ताई सध्या कपडे नका आणू, ठेवायला जागा नाहीये" हे उत्तर ठरलेलं. म्हणून यंदा संक्रांत झाल्या झाल्या मी पदर खोचला. तेव्हा थंडी होती त्याचाही उपयोग झाला, ते पुढे सांगते.

आमचं घर नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, प्रेसमधून रिटायर झालेले (नोटांचं प्रेस, इकडे प्रेस म्हटलं की तेच) आणि त्यांचा नियम एकच, असू दे, लागेल कधीतरी. त्यामुळे आमच्याकडे पंख्याचं एकटं पातं आहे, जुन्या कुकरच्या शिट्ट्या आहेत, लोकांच्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे आहेत, त्यातल्या काही जोडप्यांच्या मुलांचीही आता लग्नं झालीत. २०१८ ला सरकारने थर्माकोल बंद केला पण आमचं गणपतीचं थर्माकोलचं मखर अजून शाबूत, कारण "परत चालू झालं तर?"

सगळ्यात मोठा वाद झाला गाद्यांवरून. २०१५ च्या सिंहस्थाला पाहुणे येणार म्हणून आप्पांनी चांगल्या कापसाच्या गाद्या भरून घेतल्या होत्या. पाहुणे आले, रामकुंडावर आंघोळी करून गेले, गाद्या राहिल्या. माळा भरला, मग दिवाणात गेल्या, मग दिवाणाच्या वर एक अशी चढली की त्यावर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला लागत नाहीत. मी म्हटलं आप्पा आता या काढूया, तर शांतपणे म्हणाले, "अगं २०२७ ला परत सिंहस्थ आहे की." आता काय बोलणार! ज्या माणसाला पुढचा कुंभमेळा डोळ्यांसमोर दिसतोय त्याच्याशी डिक्लटरिंगवर चर्चा होऊच शकत नाही.

तोडगा पिंजाऱ्याने काढला. गादीचा कापूस दडपून दडपून गोळे होतो पण वाया जात नाही, पिंजला की परत फुलतो, ही गोष्ट फोमच्या गादीत नाही. त्याने अंगणातच सगळं उसवलं, दिवसभर घरात कापूसच कापूस, चहातसुद्धा, आणि मोठ्या गाद्यांच्या लहान सिंगल गाद्या करून दिल्या. त्यातल्या दोन आप्पांनी सिंहस्थासाठी राखून ठेवल्या, बाकीच्या द्यायला मोकळ्या. कापड आणि मजुरीचा खर्च आम्हीच केला, त्यावर नवरा म्हणे म्हणजे आपण पैसे देऊन वस्तू देतोय, तर हो, देतोय, मळकट डाग पडलेली गादी कुणाच्या गळ्यात मारण्यापेक्षा बरं.

गाद्या कुणाला द्यायच्या हा विचार करताना मला एक गोष्ट लक्षात आली, जी मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. आपण वस्तू द्यायची म्हटलं की आधी "गरीब कोण आहे" असा विचार करतो. तो विचार बाजूला ठेवायचा आणि बघायचं की सध्या नवीन बिऱ्हाड कोण मांडतंय. नाशिकमध्ये अशा लोकांना तोटा नाही. कळवण, सुरगाणा, पेठकडून कॉलेजला आलेली, पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी करणारी पोरं तिघं-चौघं मिळून रूम घेतात, रूममध्ये एक ट्यूबलाइट आणि चार भिंती. अंबड-सातपूरला कंपनीत लागलेली खानदेशातली, मराठवाड्यातली पोरं, तेच. यांना गादी हवी असते, बादली हवी असते, पोळपाट-लाटणं हवं असतं, दोरी हवी असते हो कपडे वाळत घालायची. आणि ती पोरं भिकारी नाहीत, पगार सुरू झाला की घेणारच आहेत, पण पहिले दोन महिने डिपॉझिट भरून खिशात काही उरत नाही. आमच्या गाद्या अशाच एका रूमवर गेल्या. त्यांच्यातला एक जण दुचाकीवर मागे गादीची वळकटी धरून बसला आणि पुढच्याला रस्ता दिसेना, तरी गेले बाबा व्यवस्थित.

आता कामाला येणाऱ्या मावशींबद्दल. आपल्याकडे नको झालेली प्रत्येक वस्तू आधी मावशींना, हा रिवाजच आहे. मी पण मिक्सर काढला होता, चालू होता, फक्त एका भांड्याचं झाकण नीट बसत नव्हतं, आणि विचारलं मावशी नेता का. त्या जरा गप्प राहिल्या, मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई राग नका येऊ देऊ, पण त्या वरच्या मॅडमनी दिलेला ओव्हन माझ्याकडं तसाच पडलाय. लाइट बिल कोण भरणार त्याचं? मी त्याच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवते. नको म्हणता येत नाही ना, त्यांना वाटतं माज आला." त्यांची खोली केवढी, आमच्या हॉलच्या निम्मी, त्यात पाच माणसं, आणि त्यात आपण आपला माळा रिकामा करून ओततोय. नाही म्हणायची सोयच नाही ज्या माणसाला, त्याला विचारण्यात तरी काय अर्थ.

मग मी म्हटलं बरं तुम्हाला काय लागतं ते सांगा. तर त्या अजिबात विचार न करता म्हणाल्या, झाकणाचा पिंप. पाणी सकाळी येतं ते भरून ठेवायला. आमच्या गच्चीवर टाकी बसवल्यापासून निळा पिंप पालथा पडून होता, तो मी देण्याच्या यादीत धरलाच नव्हता, कारण मला तो सामान वाटतच नव्हता. तो त्यांनी त्याच दिवशी रिक्षात घालून नेला. आणि जाता जाता एक, दिवाळीचा बोनस म्हणून जुना मिक्सर देणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. बोनस पैशात द्यायचा असतो. मिक्सर वेगळा, बोनस वेगळा.

कपड्यांचं मात्र मी बोहारणीवर सोडलं. हल्ली त्या फार दिसत नाहीत, सोसायट्यांचे वॉचमन आत सोडत नाहीत, पण आमच्या गल्लीत एक अजून येते, डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीवर कपड्यांचं गाठोडं. ती कपडे बघते ते बघण्यासारखं असतं. उंबऱ्याच्या बाहेर पाय पसरून बसली, नवऱ्याच्या पँटी घेतल्या, एकेकीची चेन वरखाली केली, कंबर आतून उलटी करून शिलाईत कापड किती दाबलंय ते बघितलं म्हणजे ढिली करता येईल का ते, खिशात हात घालून बोटं आरपार जातात का ते, आणि मग उजेडाकडे धरून बूड विरलंय का. शर्टाच्या कॉलरला नख लावून बघितलं. माझ्या सिंथेटिक साड्या बाजूला सारल्या, जरीची एक होती ती मांडीखाली ओढून घेतली. कपड्याची खरी किंमत काय उरलीय हे तिच्याइतकं कुणाला कळत नसेल. तिच्याकडून ते धुऊन, शिवून, इस्त्री होऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात आणि तिथे घेणारा स्वतः पारखून, पैसे मोजून घेतो. मला हा प्रकार कपडेवाटपापेक्षा जास्त आवडतो.

गंमत अशी की मी तिला म्हटलं मला भांडं नको, आत्ताच घर रिकामं करतेय, असेच घेऊन जा. तर तिला संशयच आला! "असेच कशाला? कोणाचे हायेत?" मी समजावलं तेव्हा म्हणाली फुकट नाही नेणार ताई, धंद्याला बरकत राहत नाही. आणि जरीची साडी तरी आणखी एक काढ, म्हणजे टोप देते. शेवटी बरीच हुज्जत होऊन (नेहमी ती जास्त कपडे मागते आणि आपण मोठं भांडं मागतो, इथे मी काहीच नको म्हणत होते आणि ती देत होती) तिने चहाची गाळणी माझ्या हातात ठेवली आणि उठली. गाळणी चांगली आहे, वापरतेय.

जे तिनेही घेतलं नाही त्यातल्या सुती साड्या आणि सासूबाईंची लुगडी गोधडीला गेली. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी शिवतात, वरखाली अस्तर, मध्ये साड्यांचे थर आणि मग कडेकडेने आत येत धावदोरा. आणि तेही न जमणारं जे होतं त्याची फडकी. सुती कापडाला तसाही मरण नाही, गूंज नावाची संस्था १९९९ पासून जुने कपडे गोळा करून हेच काम मोठ्या प्रमाणावर करते, जुन्या सुती कापडाचे पाळीचे पॅडसुद्धा बनवतात. पण त्यांना काय आणि कुणालाही काय, धुतलेलं द्यायचं. एवढी साधी गोष्ट लोकांना सांगावी लागते याचं मला नवल वाटतं.

पाड्यांवर कपडे नेऊन वाटायची पण एक फॅशन आहे आपल्याकडे. दिवाळीत गाड्या भरून पेठ, हरसूल, सुरगाण्याकडे निघतात, सोबत फोटो काढणारा. तिकडे शिक्षक असलेल्या आमच्या एका नातेवाइकांना विचारलं तर म्हणाले, वहिनी दिवाळीत शाळेला सुट्टी असते, लोक कामाला बाहेरगावी गेलेले असतात आणि तुम्ही लोक नेमके तेव्हा येता. शहरातले पार्टीचे झगमग फ्रॉक, बटण तुटलेले कोट, उंच टाचेच्या चपला. पाठवायचंच तर जूनच्या आधी छत्र्या, ताडपत्री आणि पोरांच्या मापाच्या चपला पाठवा, कारण तिकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, आणि थंडीच्या आधी स्वेटर. आणि आधी फोन करून किती मुलं, कुठल्या मापाची ते विचारा. बस. यात काही अवघड नाही, फक्त आपल्याला सोयीचं नाही. आमची जास्तीची ब्लँकेटं आणि स्वेटर मी जानेवारीतच संपवले ते याच हिशोबाने. नाशिकची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको, गंगेवर (गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात) उघड्यावर झोपणारी माणसं असतात, तिथे रात्री फिरून ब्लँकेट देणारी काही मंडळी आमच्या ओळखीची आहेत, त्यांच्याकडे दिली. तीच ब्लँकेटं मार्चमध्ये दिली असती तर कुणाच्या तरी माळ्यावर गेली असती, फक्त आमच्या नाही.

मग भांडी. सासूबाईंच्या संसाराची भांडी म्हणजे एक प्रकरण होतं. पितळेला मी हात लावला नाही, आप्पांनी लावू दिला नसता हे एक, आणि दुसरं म्हणजे पितळेला घाई नसते, तांबं-पितळ नाशिकमध्ये कधीही भांडी बाजारात मोडीला घालता येतं, वजनावर पैसे मिळतात. प्रश्न स्टीलचा. लग्नात, मुंजीत, बारशाला आलेले डबे, ताटल्या, तांबे, पेले, आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं. पूर्वी भांड्यांच्या दुकानातच नाव घालून मिळायचं, तो माणूस छोटंसं मशीन घेऊन कुर्रर्र करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढायचा. अमुकतमुक यांजकडून सप्रेम भेट, खाली तारीख. पेल्यांवर सासूबाईंचं नाव. आता नाव असलेली भांडी कशी द्यायची? नणंदा म्हणाल्या आईचं नाव आहे, बाहेर नको जायला. बरं मग तुम्ही न्या. तर म्हणाल्या आमच्याकडे कुठे जागा. फोनवर दोन दिवस हा खेळ चालला होता आमचा.

शेवटी आमच्या कॉलनीत एक मुलगी नवीनच डब्यांच्या ऑर्डर घ्यायला लागलीय, पोळी-भाजी-वरण-भात, तिला दाखवले. मी आपलं आधीच सांगितलं की यावर नावं आहेत, चालत असतील तर बघ. तर तिचे डोळेच चमकले. "काकू नाव आहे म्हणूनच तर पाहिजेत! बिननावाचे डबे लोक परत देत नाहीत, बदलून देतात, चांगला ठेवतात आणि चेपलेला पाठवतात." तिने एकूण एक डबा नेला. आप्पांना सांगितलं की आईंचं नाव आता रोज दुपारी अंबडच्या कंपन्यांमध्ये फिरतंय, तर जरा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, डब्यात मीठ नीट असतं का विचार तिला.

सासूबाईंच्या आजारपणातलं सामान, म्हणजे वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड, हे मी सगळ्यात आधी काढलं. ही वस्तू घरात ठेवूच नये, रोज दिसते. आणि ही अशी वस्तू आहे की जिला गिऱ्हाईक कायम असतं. बऱ्याच मंडळांची, ट्रस्टची रुग्णसाहित्य केंद्रं असतात, डिपॉझिट घेऊन महिना-दोन महिने वापरायला देतात, काम झालं की परत. तिथे दिलेली खुर्ची दहा घरी जाऊन येते. एअर बेडचा पंप चालतोय ना ते बघून, पुसून द्यायचं. उरलेली औषधं मात्र कुणालाही देऊ नका, उघडलेली तर अजिबातच नाही, आणि इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून, झाकण घट्ट लावून वेगळ्या द्या, घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला लागतात हो त्या.

माझी भाची अमेरिकेत असते, तिने मला तिकडचं फ्रीसायकल आणि बाय नथिंग हे प्रकार सांगितले. पहिलं २००३ ला ॲरिझोनातल्या टक्सनमध्ये सुरू झालं, दुसरं २०१३ ला. आपल्या भागातल्या लोकांना वस्तू फुकट द्यायची, पैशाचं नावही काढायचं नाही. मी म्हटलं आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करून बघू. टाकला फोटो, पुस्तकांचं शेल्फ, फुकट, घेऊन जा. ग्रुपवर चिडीचूप. एकाने अंगठा दिला. आणि रात्री पर्सनलवर तीन-चार मेसेज, "ताई अजून आहे का शेल्फ? ग्रुपवर नका सांगू." फुकटचं घेताना चारचौघांत लाज वाटते, देताना नाही. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली मावशी त्या ग्रुपांवर लोक नुसतं देत नाहीत, मागतात पण. मग मी स्वतःच मागितलं. मुलीला हॉस्टेलला न्यायला पत्र्याची ट्रंक हवी होती, टाकलं ग्रुपवर, कुणाकडे जुनी आहे का. अर्ध्या तासात बी विंगमधल्या काकांचा फोन, दोन आहेत, कुठली हवी. तेव्हापासून ग्रुप जरा सैल झालाय, कुणी बाळाचा पाळणा मागतं, कुणी क्रिकेटचे पॅड. आधी मागायला लागतं बहुतेक कुणीतरी.

बाकी फुटकळ. जुना मोबाइल देताना नुसता रिसेट मारून देऊ नका, आधी गूगल अकाउंट त्यातून काढा, नाहीतर घेणाऱ्याने चालू केला की तो तुमचाच जुना पासवर्ड मागत बसतो आणि मग फोनाफोनी. डब्यासारखा जुना टीव्ही भंगारवाल्याच्या हातोडीखाली देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावरच द्या. शाळेची पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत तशीही फुकट मिळतात, त्यामुळे ती कुणी घेत नाही, रद्दीच. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून लेखी उत्तरांची झाली म्हणून दिराची जुनी ऑब्जेक्टिव्हची गाईडं अभ्यासिकेतल्या पोरांनी सरळ परत केली, पण शब्दकोश आणि नकाशे झडप घालून नेले. कथा-कादंबऱ्या वाचनालयाला द्यायच्या असतील तर आधी यादी पाठवा. आपल्या गावातलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तुमच्याकडची कादंबरी त्यांच्याकडे असण्याचीच शक्यता जास्त.

सध्या आमच्याकडे उरलंय ते असं: पायाचं शिलाई मशीन, चालू आहे, पट्टा नवा टाकावा लागेल. लोखंडी कपाट, एका दाराचा आरसा गेलेला, किल्ली आहे. पाच लिटरचा कुकर, शिट्टी सोडून सगळं ओके, आणि शिट्ट्या आप्पांकडे भरपूर आहेत त्यातली एखादी बसेल. पंख्याचं एक पातं, कुणाला लागत असेल तर. नाशिकरोडच्या आसपास कुणी बिऱ्हाड मांडत असेल तर कळवा, फक्त कपाट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद, तेव्हा उतरवायला दोन धडधाकट माणसं घेऊनच या, आणि शक्यतो दुपारी एक ते चारच्या मध्ये या, तेव्हा आप्पा झोपलेले असतात.